सांगलीच्या एमजीबीला कोणते टायर घालावेत

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली १९६६ सालची, तारांच्या चाकांची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या इंग्रजी कंपनीची उघडी दोन आसनी मोटार, अनेक वर्षे घरीच उभी होती; आता इंजिनाचे आणि ब्रेकचे काम पूर्ण झाले असून पावसाळा सरल्यावर पत्नीसह तिच्यातून महाबळेश्वरला जाण्याचा त्यांचा मानस आहे. टायरांची नक्षी जवळजवळ नव्यासारखी असल्याने ते बदलावेत की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. बदलायचेच असतील तर एक दुकानदार १८५/६० आर १४ हे रुंद टायर घाला म्हणतो, पुण्याचे एक परिचित इंग्लंडहून मूळ नमुन्याचे टायर मागवा म्हणतात, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे हे त्यांना कळत नाही. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी असेही कळवले आहे की ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडीच्या चाकांच्या मध्यापर्यंत पाणी चढले होते. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे, परंतु त्याकडे वळण्यापूर्वी आहेत त्या टायरांविषयी लिहितो.

ते टायर चालवू नयेत. आपण पाठवलेल्या छायाचित्रात टायरच्या कडेवर शेवटी ३७६ असे तीन अंक दिसतात. सन २००० पासून टायरवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत लिहिले जाते, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीन अंक असतील तर टायर त्यापूर्वीचा आहे. ३७६ म्हणजे सहाने संपणाऱ्या एखाद्या वर्षाचा ३७ वा आठवडा; ते वर्ष १९९६ असेल किंवा १९८६ असेल, परंतु गाडीच्या मालकाने या दोहोंपैकी कोणत्याही उत्तराने समाधान मानावे असे त्यात काही नाही.

टायर झिजण्याने जितका संपतो तितकाच वयानेही संपतो, आणि उभ्या गाडीचा टायर चालत्या गाडीच्या टायरपेक्षा लवकर म्हातारा होतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. रबर तयार करताना त्यात हवेतील ओझोनपासून संरक्षण करणारी द्रव्ये आणि मेण मिसळलेले असते. टायर रस्त्यावर फिरताना सतत दबतो आणि उठतो, त्या हालचालीने ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हे येणे मंदावते आणि कडेवर बारीक भेगा पडू लागतात. त्या भेगा निदान डोळ्यांना दिसतात; खरा धोका आत असतो. नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर प्राणवायूने कडक होत जाते आणि पट्ट्यांच्या कडा आतल्या आत सुटू लागतात. गावातल्या गावात ताशी ३० किमीने फिरताना त्याचा पत्ता लागत नाही. महामार्गावर, दुपारच्या उन्हात, तासभर वेगाने चालल्यावर टायर तापतो आणि मग संपूर्ण नक्षी एका तुकड्यात सोलून निघते. माझ्या स्वतःच्या एका जुन्या गाडीचे असे टायर मी ‘अजून पुष्कळ नक्षी आहे’ म्हणून वापरले होते. उंब्रजच्या अलीकडे मागच्या टायरची नक्षी निघून तिने मडगार्ड आतून फाडले. समोरून वाहन येत नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास कायद्याने बंदी आहे, नक्षी कितीही असली तरी. खासगी मोटारींना तो कायदा लागू नाही. मी मात्र माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांना दहाचा आकडा ही शेवटची सीमा मानतो आणि सहा वर्षांनंतर दर वर्षी टायर काढून आतून पाहतो.

आता महापुराविषयी. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचे टोक रिमच्या आतल्या बाजूला एका लहान निपलमध्ये बसवलेले असते आणि त्यावरून रबराची पट्टी जाते. कृष्णेचे गाळमिश्रित पाणी त्या पट्टीखाली शिरले की ते लवकर सुकत नाही. बाहेरून चाक पुसून चकचकीत केले तरी आत गंज चालूच राहतो. तेव्हा टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी पाचही चाके उतरवून, जुने टायर काढून, रबराच्या पट्ट्या फेकून द्याव्यात आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने उघडी करावी. ज्या ठिकाणी गंजाने पत्र्याला खळगे पडले असतील आणि बीड, म्हणजे टायरची आतली जाड कड, बसते ती रिमची कडा खडबडीत झाली असेल, ते चाक पुन्हा वापरण्याच्या लायकीचे आहे की नाही हे जाणत्या माणसाला दाखवून ठरवावे. तारांची परीक्षा अगदी सोपी आहे. चाक टांगून एका लहान पान्याने एकेक तार हलकेच वाजवत जावे; घट्ट तारेचा आवाज खणखणीत येतो आणि सैल किंवा मोडू घातलेल्या तारेचा बद्द. दोन-चार तारा सैल असतील तर त्या आवळून चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारी डगमग, काढता येतो, पण एकाच भागात अनेक तारा बद्द वाजत असतील तर नव्या टायरांवर पैसे घालण्याआधी चाकांवर घालावेत. चाकाच्या मधल्या खाचाही पाहाव्यात. त्या हबवरील, म्हणजे चाक ज्यावर चढते त्या मधल्या भागावरील, खाचांत घट्ट बसल्या पाहिजेत. त्यांची धार टोकदार झाली असेल तर ते चाक पुढे-मागे करताना ‘टक्’ असा आवाज देते, आणि असे चाक घाटात ब्रेक मारण्यासाठी नसते. बेअरिंगमधील ग्रीस पाण्याने धुतले गेले असण्याची शक्यता मोठी आहे; ब्रेकचे काम करताना ते बदलले असल्यास उत्तम, नसल्यास आताच बदलावे.

यानंतर आकाराचा विचार. १९६६ ची एमजीबी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून ५.६०-१४ आकाराचे क्रॉसप्लाय टायर (आतले धागे एकमेकांना तिरके छेदणारे) लावून बाहेर पडत असे आणि १५५-१४ आकाराचे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जाणारे) जादा पैसे देऊन मिळत. पुढे रेडियल हेच नेहमीचे झाले. रोडस्टरला १५५ आणि वजनाने जड असलेल्या जीटीला, म्हणजे बंद छताच्या एमजीबीला, १६५. यातील ५.६० हा आकडा इंचांतील रुंदी आहे, म्हणजे सुमारे १४२ मिमी. आजच्या टायरवर मिमीमधील रुंदीनंतर जो दुसरा आकडा येतो, ८०, ७० किंवा ६०, तो कडेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो; आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. जुन्या रेडियलवर तो आकडा लिहिलेला नसे, कारण सगळ्यांची कड साधारण ८० ते ८२ टक्के उंच असे आणि दुसरा प्रकारच बाजारात नव्हता. दुकानदाराला १५५ आर १४ असे सांगितले की ‘सत्तर की पासष्ट?’ असा उलट प्रश्न येतो तो यामुळे.

हिशेब करून पाहू. १५५ आर १४ या जुन्या रेडियलचा पूर्ण व्यास सुमारे ६१० मिमी येतो. १६५/८० आर १४ चा ६२० येतो. १७५/७० आर १४ चा ६०१, १८५/६५ आर १४ चा ५९६, आणि दुकानदाराने सुचवलेल्या १८५/६० आर १४ चा ५७८. म्हणजे हा शेवटचा टायर मूळ रेडियलपेक्षा सव्वापाच टक्क्यांनी लहान आहे. मैलांत असलेला आपला वेगमापक तितक्याच प्रमाणात जास्त वेग दाखवील, हा गौण भाग झाला. चौथ्या गिअरमध्ये ही गाडी इंजिनाच्या हजार फेऱ्यांना सुमारे २९ किमी वेग देते, त्यामुळे ताशी ८० किमीला इंजिन २,७०० ते २,८०० च्या दरम्यान फिरते. लहान टायरवर त्यात आणखी दीडशे फेऱ्यांची भर पडते आणि आधीच खालच्या गिअरची वाटणारी गाडी पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत घणघणत राहते. घाट चढताना लहान टायर थोडा फायद्याचा ठरतो, हे मान्य केले पाहिजे. पण १,७९८ सीसीच्या या इंजिनाला खालच्या फेऱ्यांवर ओढण्याची ताकद पुरेशी आहे आणि पसरणीचा किंवा केळघरचा घाट त्याला तिसऱ्या गिअरमध्ये जड जात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट जमिनीपासूनच्या उंचीची आहे. १६५/८० टायरची कड १३२ मिमी उंच असते आणि १८५/६० ची १११ मिमी. म्हणजे दुसऱ्यावर गाडी पहिल्यापेक्षा २१ मिमीने खाली बसेल. एमजीबीचा सायलेन्सर जमिनीपासून पाच इंचांच्या आतबाहेर असतो. सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या प्रत्येक गावाच्या वेशीवरील गतिरोधकाला तो आताच घासत असणार. त्यातून पाऊण-एक इंच काढून घेण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला समजलेले नाही.

आणि रिम. तारांच्या चाकाची रिम ४.५ इंच रुंद आहे. १८५/६० टायरसाठी कमीत कमी ५ इंचांची रिम लागते, ५.५ ची असेल तर अधिक बरे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, नक्षीचा मध्य फुगतो, आणि रुंदीसाठी म्हणून मोजलेले पैसे रस्त्याला टेकतच नाहीत. वळणावर बीड रिमवरून सरकण्याचा धोका वेगळाच. १७५/७० ला ४.५ इंच रिम चालते, पण ती त्याची किमान मर्यादा आहे. १६५/८० टायर मुळात ४.५ इंचांच्या रिमवरच मोजला जातो, म्हणजे तो जणू या चाकासाठीच आखलेला आहे.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असे सरसकट म्हटले जाते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा असावा, हे मुख्यतः त्यावरचे वजन आणि आतली हवा ठरवते. तेच वजन आणि तीच हवा असेल तर रुंद टायरने त्या भागाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो; अरुंद टायरचा ठसा लांबट असतो आणि रुंदाचा आडवा. आडव्या ठशाने कोरड्या रस्त्यावर वळणात लाभ होतो, हे खरे आहे. साचलेल्या पाण्यावर मात्र लांबट ठसा बरा, कारण त्याचा पुढचा भाग पाणी बाजूला सारतो आणि मागचा भाग त्यातल्या त्यात कोरड्या जागेवर टेकतो. महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यानंतरही डोंगरातून झिरपणारे पाणी वळणावळणावर रस्ता ओलांडते, आणि हंगाम सुरू झाला की कराडच्या परिसरात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली चिपाडे आणि चिखल डांबरावर असतातच.

शिवाय एमजीबीची आखणी ज्या काळात झाली त्या काळात टायरची उंच, लवचीक कड हा गाडीच्या स्प्रिंगचाच एक भाग धरला जात असे. मागे पाटे आहेत, शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुन्या दांडीच्या पद्धतीचे आहेत, स्टीअरिंगला कसलीही मदत नाही. उंच कडेचा टायर खड्ड्याचा पहिला धक्का स्वतः घेतो आणि वळणावर सुटण्याआधी बऱ्याच अगोदर सूचना देतो. मागची बाजू हळूच सरकू लागते, चालक स्टीअरिंग थोडे सोडतो, गाडी सावरते. या गाडीची सारी मौज त्या सूचनेत आहे. ठेंगणा, रुंद टायर बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. त्याने घेतलेला जोर जातो कोठे, तर तारांमध्ये, हबच्या खाचांमध्ये आणि किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीच्या मागच्या एका चाकात एका वर्षात सात तारा तुटल्या होत्या. मालक तारांच्या दर्जाला दोष देत होते. आम्ही तारा बदलल्या, टायरही बदलले, आणि तक्रार थांबली. गाडी उभी करताना स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागत असे, तेही त्याबरोबर गेले.

म्हणून माझे उत्तर १६५/८० आर १४ हे आहे, आणि त्यातील गंमत अशी की हा आकार शोधण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांना कारखान्यातून हाच आकार आलेला आहे. सांगलीच्या स्टँडबाहेर उभ्या असलेल्या कित्येक टॅक्सींच्या पायात आपल्या एमजीबीचा टायर आहे. हे ऐकून काही हौशी मालकांचा चेहरा पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु आकडे पाहावेत. या टायरवर बहुधा ८५ टी असे लिहिलेले असते. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो भार, आणि टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंतचा वेग. आपली गाडी दोन माणसांसह अकराशे किलोंच्या आत राहते, म्हणजे चाकामागे सरासरी पावणेतीनशे किलोंहून कमी, आणि तिचा नवेपणीचा कमाल वेगही १७० च्या आसपासच होता. भार आणि वेग दोन्ही बाजूंनी भरपूर शिल्लक उरते. शिवाय ज्याचा खप मोठा त्याचा साठा ताजा. दुर्मीळ आकाराचा टायर दुकानात किंवा गोदामात चार-पाच वर्षे पडून आलेला असू शकतो. टॅक्सीचा टायर बहुतेक वेळा काही महिन्यांपूर्वीचा मिळतो. तरीही बसवण्यापूर्वी चारही अंक स्वतः वाचावेत आणि वर्षाहून जुना टायर घेऊ नये.

याच आकारात निरनिराळ्या कंपन्यांचे नमुने आहेत. त्यांतून निवडताना दुकानदार ‘हा ऐंशी हजार किलोमीटर जातो’ असे सांगून जो पुढे करील तो घेऊ नये. फार चालणारा टायर म्हणजे कडक रबर, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर कमी धरते. टॅक्सीवाल्याला ते परवडते, कारण त्याला किलोमीटरमागचा खर्च कमी करायचा असतो. आपली गाडी वर्षाला फार तर दोन हजार किमी चालणार. दहा वर्षांत वीस हजार. आपला टायर झिजून नव्हे तर वयाने बाद होणार आहे, तेव्हा झिजेची चिंता सोडून जो नमुना पावसात चांगला धरतो असे नेहमी वापरणारे सांगतात, तो घ्यावा. नक्षीत सलग, रुंद आणि खोल असे उभे चर असावेत.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. दुकानात ‘१६५ आर १४’ एवढेच सांगितले तर हातात ‘१६५ आर १४ एलटी’ असा टायर ठेवला जाण्याची शक्यता आहे. तो छोट्या मालवाहू गाड्यांचा टायर आहे. आकार जवळजवळ तोच, चढतोही नीट, आणि दिसायलाही जुन्या धाटणीचा म्हणून पुष्कळांना आवडतो. पण त्याची कड एका चाकावर सातशे किलोंच्या पुढे भार घेण्यासाठी आणि तिप्पट हवेसाठी बांधलेली असते. एमजीबीच्या हलक्या वजनाखाली तो दबतच नाही. गाडी रस्त्यावर उड्या मारते आणि ओल्यात लाकडी चाकांवर चालल्यासारखी घसरते. मी स्वतः एकदा घाईत असे चार टायर चढवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चाने उतरवले.

दुसरी अशीच एक चूक आपल्या गाडीला लागू नाही, परंतु आपल्या भागात तिचे नमुने पाहिलेले असल्याने लिहितो. एमजीच्या त्याआधीच्या टीसी या गाडीला ४.५०-१९ असे उंच, सडपातळ टायर लागतात, आणि ते सहज मिळत नाहीत म्हणून बुलेटचे १९ इंची टायर चढवण्याचा मोह होतो. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या टायरची नक्षी गोलसर असते आणि कडेला आडवा जोर सोसण्याची फारशी वेळ येत नाही. मोटारीचे चाक उभेच राहते आणि सारा जोर आडवा येतो. असे टायर लावलेली गाडी दाराशी फुलांच्या माळा घालून उभी करावी, रस्त्यावर आणू नये.

पुण्याच्या परिचितांची सूचना चुकीची नाही, ती आपल्या उपयोगाची नाही. मिशेलिन, पिरेली आणि डनलॉप यांच्या त्या काळातील नमुन्यांचे टायर आजही नव्याने तयार होतात. दिसायला अस्सल आणि आतून आजच्या रबराचे असे ते चांगले टायर आहेत. परंतु आपल्याकडे मोटारीच्या टायरवर भारतीय मानकाची खूण सक्तीची आहे, आणि जून २०२० पासून नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत गेली आहे. परवान्याशिवाय पार्सल मागवले तर ते कस्टममध्ये अडकून पडते, आणि ते सुटेपर्यंत टायरचेही वय वाढतच असते. शिवाय चार आले आणि वर्षभराने त्यांतला एक खडीने फाटला, तर पाचवा कोठून आणणार? गाडी प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभी करायची असेल, तर हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. क्रॉसप्लाय टायरांविषयीही माझे मत हेच आहे. त्यांच्यावर ही गाडी हलकी आणि खेळकर चालते, पण रस्त्यावरील प्रत्येक चाकोरीच्या मागे धावते आणि ओल्यात ब्रेक मारताना फार जपावे लागते. कोणी जुने दोन क्रॉसप्लाय आणि दोन रेडियल अशी जोडणी सुचवली तर ती मात्र साफ नाकारावी. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असले की वळणात पुढची चाके धरतात, मागची सोडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

टायर निवडण्याइतकाच तो बसवण्याचा भाग नाजूक आहे. तारांच्या रिमला भोके असल्याने ती हवा धरत नाही, म्हणून टायरवर ‘ट्यूबलेस’ लिहिलेले असले तरी आत ट्यूब हवीच. ट्यूब रेडियलसाठीची आणि नेमक्या याच आकाराची असावी. मोठी ट्यूब आत दुमडते आणि त्या घडीवर फाटते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागदी बिल्ला चिकटवलेला असतो, तो गरम पाण्याने पूर्ण काढावा. तो तसाच राहिल्याने त्याच्या कडेने ट्यूब घासून पंक्चर झालेली मी तीन वेळा पाहिली आहे, आणि तिन्ही वेळा मालक रस्त्यात खिळा शोधत होता. टायरच्या आतून हात फिरवून बोचणारे काही नाही ना ते पाहावे, संगजिऱ्याची पूड पसरावी, रिमवर नवी पट्टी ताणून बसवावी आणि तारेचे एकही टोक निपलबाहेर आलेले नाही याची खात्री करावी. आले असल्यास कानशीने सपाट करावे. ट्यूबच्या व्हॉल्व्हची जाडी रिमच्या भोकाशी जुळली पाहिजे, सैल व्हॉल्व्ह हलत राहून मुळाशी तुटतो. टायर बसवण्याच्या यंत्राचे जबडे तारांच्या रिमला चेपतात, म्हणून हे काम हाताने, लहान लोखंडी पट्ट्यांनी आणि साबणाच्या पाण्याने करणारा जुना कारागीर शोधावा. सांगलीत किंवा मिरजेत असा माणूस नक्की सापडेल. तरुण मुलांपेक्षा त्याला वेळ जास्त लागेल आणि तो लागू द्यावा.

बॅलन्सिंग करताना बहुतेक दुकाने चाक मधल्या भोकात एक शंकू घालून यंत्रावर चढवतात. तारांचे चाक गाडीवर दोन उतरत्या कडांवर बसते, आतली एक आणि बाहेरची एक. यंत्रावर त्या दोन्ही कडांवर टेकणारी जोडणी नसेल तर चाक तिरके बसते आणि यंत्र खोटे आकडे दाखवते. खात्री करण्यासाठी एकदा बॅलन्स झालेले चाक सोडून अर्धे वळण देऊन पुन्हा चढवण्यास सांगावे. आकडे बदलले तर जोडणी चुकलेली आहे. हे नीट झाले नाही तर ताशी ९० किमीच्या आसपास स्टीअरिंग आणि काचेची चौकट दोन्ही थरथरू लागतात आणि दोष उगाच टायरला लागतो. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे ती पुढच्या टोकाला जितकी आत वळलेली असतात ते माप, १.५ ते २.३ मिमीच्या दरम्यान ठेवून घ्यावा.

हवेच्या बाबतीत पंपावरच्या मुलाला काही न सांगता नळी हातात देऊ नये. तो सवयीने ३२ ते ३५ भरतो. एमजीबीच्या पुस्तिकेत रेडियलसाठी पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलेले आहेत. आजच्या टायरवर मला पुढे २४ आणि मागे २६ बरे वाटतात, तेही सकाळी टायर थंड असताना मोजून. पुढच्या टायरच्या कडेपर्यंत खडूची रेघ ओढून यवतेश्वरच्या घाटात एक फेरी मारली की रेघ कोठवर पुसली गेली यावरून हवा कमी आहे की जास्त, हे कळते. मी प्रत्येक गाडीला हे करतो.

नव्या टायरवर साच्यातून येणारा गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दीडशे किमी अंगावर येणारी वळणे आणि जोराचे ब्रेक टाळावेत. चाके बसवताना हबच्या खाचांना ग्रीस लावावे, मधला नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकून आवळावा, आणि चाळीस-पन्नास किमीनंतर तो पुन्हा आवळावा. सांगलीहून निघून इस्लामपूरला चहासाठी थांबाल, तेव्हा हे काम तेथेच उरकता येईल. चाक ज्या दिशेने पुढे फिरते त्या दिशेने हा नट सुटतो, त्यामुळे गाडीच्या दोन्ही बाजूंना आवळण्याची दिशा वेगळी आहे. घाईत उलटे ठोकणारे पुष्कळ असतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असल्याने तिची नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ या जुन्या गाड्यांच्या मालिकेत केली असेल, तर रोजच्या वापराला परवानगी नसते. प्रवासाच्या हेतूची त्या दृष्टीने आरटीओत आधी चौकशी करून घ्यावी.

टायर चार न घेता पाच घ्यावेत. डिकीतला पाचवा टायर कोणी कधी पाहत नाही आणि तोच पंक्चरच्या वेळी घाटात कामाला येतो. जुन्या पाचांपैकी एखादा वडिलांची आठवण म्हणून ठेवावासा वाटेल. तो जरूर ठेवावा, पण त्याच्या कडेला करवतीने एक आरपार छेद देऊन मगच भिंतीवर टांगावा. बाकीचे चार भंगारवाल्याला देण्यापूर्वीही तसेच छेद द्यावेत, कारण त्यांची नक्षी अजून नव्यासारखी आहे आणि ते कोणाच्या तरी ट्रॉलीला लागल्याशिवाय राहणार नाहीत.